डॉक्टर येईपर्यंत घोड्यासाठी काय करावे

नाशिकच्या रोजच्या वाहतुकीत आता घोडा उरलेला नाही. एके काळी गाव आणि नाशिकरोड स्थानक यांच्यामध्ये चालणारी ट्राम घोडे ओढत असत आणि नंतर कित्येक दशके टांगे चालले. आज घोडा दिसतो तो वरातीत, मिरवणुकीच्या रथापुढे, रायडिंग शिकवणाऱ्या क्लबांत आणि हौसेने घोडी पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या दारात. येत्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकांमध्येही घोडे असतील. गाय-म्हैस तपासणारे डॉक्टर तालुक्यात मिळतात, पण घोड्यांवर हात बसलेले पशुवैद्य मोजकेच असतात आणि त्यांना त्र्यंबक, पेठ किंवा येवल्याच्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो. हा लेख त्या मधल्या वेळेविषयी आहे. त्या वेळेत घोड्याला वाचवणाऱ्या गोष्टी थोड्या आणि साध्या असतात. घाबरून केलेले उपाय मात्र पुष्कळदा मूळ आजारापेक्षा जास्त नुकसान करतात, आणि ते टाळता येतात.

प्रथमोपचाराची सुरुवात घोडा धडधाकट असताना होते, कारण आपल्या जनावराचे नेहमीचे मोजमाप ठाऊक नसेल तर बिघाड झाल्याचे कळत नाही. पूर्ण वाढलेल्या घोड्याचे विश्रांतीतील तापमान साधारण ९९.५ ते १०१.३ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो. शिंगरांमध्ये हे आकडे जास्त असतात. तापमान गुदद्वारातून घ्यावे. थर्मामीटरच्या टोकाला दोरी बांधून ती शेपटीच्या केसांना चिमट्याने अडकवावी आणि आपण थेट मागे उभे न राहता मांडीला लागून बाजूला उभे राहावे. नाडी पाहण्यासाठी जबड्याच्या खालच्या कडेवर, गालाच्या मोठ्या स्नायूच्या किंचित पुढे, दोन-तीन बोटे आतल्या बाजूने फिरवावीत. तिथे हाडावरून एक बारीक, गोलसर धमनी बोटाखाली सरकताना लागते. ती हाडावर हलकेच दाबून धरली की ठोका जाणवतो. जोर जास्त झाला तर ठोका हरवतो, अंगठ्याने पाहिले तर स्वतःचीच नाडी मोजली जाते. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून त्याला चाराने गुणावे. नवख्या माणसाला हे पहिल्या दिवशी जमत नाही, म्हणून रोज खरारा करताना (अंग घासताना) सवय ठेवावी. ओठ वर करून हिरडी पाहणे मात्र कोणालाही जमते. ती ओलसर आणि फिकट गुलाबी असावी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. हिरडी कोरडी, विटकरी लाल किंवा जांभळट दिसली तर रक्ताभिसरण बिघडले आहे असे समजावे. शेवटी कुशीला कान लावावा. निरोगी घोड्याच्या पोटात दोन्ही बाजूंना सतत काही ना काही गुरगुरत असते, आणि तिथली पूर्ण शांतता वाईट असते.

घोडेवाल्यांना सर्वांत जास्त भीती वाटते ती पोटशूळाची, आणि ती रास्त आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला उलटी करता येत नाही. माणसाला किंवा कुत्र्याला बाधलेले अन्न बाहेर टाकता येते, घोड्याच्या पोटात गेलेले सर्व काही पुढेच सरकावे लागते. पुढे मोठे आतडे स्वतःवर दुमडलेले असते, एका वळणावर ते एकदम अरुंद होते, आणि कोरडा चारा नेमका तिथे अडकून बसतो. याशिवाय आतड्यात वायू साठू शकतो, आतड्याला पीळ पडू शकतो, उघड्या जमिनीवर टाकलेली वैरण खाताना पोटात गेलेली वाळू साचू शकते किंवा जंतांमुळे आतड्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. कारण कोणतेही असले तरी बाहेरून दिसणारी चिन्हे बरीचशी सारखीच असतात. घोडा चारा सोडतो, पुढच्या टापेने जमीन उकरतो, मान वळवून सारखा कुशीकडे पाहतो, वरचा ओठ उलटा करतो, मूत्र होत नसताना तशी ढब घेऊन उभा राहतो, बसतो, उठतो, लोळतो आणि घामाने भिजतो. लीद कमी होते किंवा बंद होते.

अशा वेळी पहिले काम म्हणजे पुढ्यातील वैरण, चंदी (दाणा) आणि अंथरलेला पेंढाही काढून घेणे. दुसरे, नाडी, श्वास, तापमान, हिरडीचा रंग आणि शेवटची लीद केव्हा पडली हे वेळेसह लिहून ठेवणे. घोडा शांतपणे पडून असेल तर त्याला उगाच उठवू नये. लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर मोकळ्या जागी पंधरा-वीस मिनिटे सावकाश हातात धरून फिरवावे. रात्रभर चालवत ठेवण्याची पद्धत आजही आहे, परंतु तिने आतडे मोकळे होत नाही, घोडा मात्र थकतो आणि त्याच्या अंगातील पाणी आणखी कमी होते. जोरजोरात लोळणाऱ्या घोड्याजवळ जाण्याचा धोका कोणीही पत्करू नये.

आता जे करू नये ते. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने तेल, हिंगाचे पाणी, ओव्याचा काढा किंवा सोडा घोड्याला पाजू नये. डोके वर ओढून घशात ओतलेला द्रव सहजपणे श्वासनलिकेत जातो. तेल फुप्फुसात उतरले की होणारा न्यूमोनिया बरा करणे अतिशय अवघड असते, आणि पोटशूळातून वाचलेला घोडा त्यात दगावतो. डॉक्टर पाजतात तेव्हा ते नाकातून नळी थेट जठरापर्यंत नेतात, आणि त्याच नळीने जठरात तुंबलेला द्रवही बाहेर काढतात. हे घरगुती काम नाही. दुकानातून आणलेले वेदनाशामक इंजेक्शनही स्वतः टोचू नये, कारण दुखणे झाकले जाते आणि आतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेसाठी असलेले मोजके तास निघून जातात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. हे औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणून भारतात २००६ पासून जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असलेल्या आपल्या जिल्ह्यात तर ही बंदी काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे.

डॉक्टरांना फोन करताना ‘घोडा खूप आजारी आहे, लवकर या’ एवढे सांगून भागत नाही. नाडी ४० वरून ६४ वर गेली आहे, हिरडी विटकरी आहे, सकाळपासून लीद नाही, काल चंदी बदलली होती, असे सांगितले की कोणती औषधे बरोबर घ्यावीत आणि किती घाई करावी हे त्यांना ठरवता येते. विश्रांतीत असलेल्या दुखऱ्या घोड्याची नाडी ६० च्या वर टिकून राहिली तर वाट पाहत बसू नये. ओळखीचे डॉक्टर उपलब्ध नसतील तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

पोटशूळासारखाच दिसणारा, पण उलट वागणूक मागणारा एक आजार आहे. वरातीच्या घोड्यांमध्ये त्याची शक्यता जास्त, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे घोडी महिनोन्‌महिने दावणीला उभी असते आणि मालक प्रेमापोटी तिची चंदी कमी करत नाही. तुळशीचे लग्न लागते, वरातीच्या सुपाऱ्या (ठरवलेली कामे) सुरू होतात आणि एके दिवशी तिला शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालवत नेऊन तासन्‌तास नाचवले जाते. काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिची चाल आखडते, पुठ्ठ्याचे (कमरेमागच्या भागाचे) स्नायू दगडासारखे कडक होतात, दरदरून घाम फुटतो आणि ती पुढे पाऊल टाकायला तयार होत नाही. पोटात दुखत असेल असे समजून लोक तिला फिरवू लागतात आणि तिथेच घात होतो. इथे दुखणे स्नायूंचे असते. प्रत्येक पावलागणिक स्नायूंचे तंतू आणखी फुटतात, त्यांतील लाल द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडांत जाते आणि मूत्र कॉफीच्या रंगाचे होते. मूत्रपिंडे निकामी झाली तर घोडी हातची जाते. म्हणून जिथे हे घडेल तिथेच घोडी थांबवावी, नवरदेवाला उतरवावे, खोगीर काढावे, थंडी असेल तर पुठ्ठ्यावर घोंगडी टाकावी, पिण्यास पाणी द्यावे, चंदी देऊ नये आणि डॉक्टरांना तिथेच बोलवावे. वरात पायी पुढे जाऊ शकते. प्रतिबंधाचा मार्ग सोपा आहे. काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी, वैरण भरपूर द्यावी आणि रोज थोडे तरी चालवावे.

हिवाळ्यात हा धोका, तर उन्हाळ्यात उष्माघाताचा. एप्रिल-मेमध्ये गंगापूर रोडच्या लॉन्सकडे निघालेल्या वराती तापलेल्या डांबरावरून चालतात, घोडीच्या अंगावर जरीची झूल असते आणि सभोवती ढोल-ताशे व गर्दी असते. चालणे थांबवल्यावरही घोडा धापाच टाकत राहिला, तापमान १०४ अंशांच्या पुढे गेले, पाय लटपटू लागले किंवा घाम यायचाच थांबला, तर त्याला सावलीत घ्यावे, साज उतरवावा आणि मिळेल त्या गार पाण्याने मान, छाती, पाठ, पुठ्ठा व पाय सतत भिजवत राहावे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले की त्याचे अंग धरते, ही समजूत सर्वत्र आढळते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत घोड्यांवर झालेल्या अभ्यासांतून ती निराधार ठरली आहे. पाणी पिण्यापासूनही रोखू नये, दर काही मिनिटांनी थोडे-थोडे पाजावे. घोड्याला एरवीही दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते आणि घामातून मीठ फार जाते, म्हणून उन्हाळ्यात दावणीशी मिठाचा खडा असावा.

घोड्याचा जीव त्याच्या खुरांत असतो, असे जुने मोतद्दार (घोडे सांभाळणारे) सांगतात आणि ते शब्दशः खरे आहे. खुराची कठीण भिंत आणि आतील हाड यांना जोडणाऱ्या असंख्य नाजूक पडद्या, दोन वह्यांची पाने एकमेकांत घालून बसवावीत तशा गुंतलेल्या असतात आणि घोड्याचे सारे वजन त्यांच्यावर तोललेले असते. या पडद्यांना सूज येते त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा दाण्याच्या पोत्यापर्यंत पोहोचला आणि मनसोक्त खाऊन गेला, कडक रस्त्यावर दिवसभर बडवला गेला, किंवा व्यायल्यानंतर घोडीची वार आत राहिली, तर एक-दोन दिवसांत तो सुरू होऊ शकतो. वरातीत कौतुकाने भरवलेली भिजवलेली डाळ आणि लाडू यांचाही यात वाटा असतो, त्यामुळे घोडेवाल्याने तिथे नम्रपणे नाही म्हणावे. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो, वळायला नाकारतो, खूर गरम लागतात आणि खुराच्या वर घोट्यापाशी एरवी जेमतेम लागणारी नाडी जोरात उडताना जाणवते. दुखणे सुरू झाल्याबरोबर चारही पाय बर्फाच्या पाण्यात घोट्याच्या बरेच वरपर्यंत ठेवावेत, खाली भरपूर मऊ भुसा अंथरावा, दाणा बंद करावा. दाणा जास्त खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट न पाहताच डॉक्टरांना बोलवावे, कारण पडद्या सुटून आतील हाड फिरले की घोडा पुन्हा पूर्वीसारखा चालत नाही.

तळव्यात खिळा घुसला तर तो उपटून टाकण्याची घाई करू नये. पाय टेकल्यावर तो आणखी आत जाणार नसेल, तर भोवती जाड कापड बांधून तो तसाच ठेवणे उत्तम, म्हणजे तो हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेला आहे का हे डॉक्टरांना एक्स-रेमध्ये पाहता येते. काढणे भागच असेल तर जागा, दिशा आणि खोली यांची खूण करून मोबाइलवर फोटो घ्यावा. सकाळी चांगला असलेला घोडा संध्याकाळी अचानक तीन पायांवर आला, तर मोडलेल्या हाडाइतकीच खुरात साठलेल्या पुवाची शक्यता असते. निदान होईपर्यंत त्याला जागचे हलवू नये. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तळव्याच्या मधला मऊ त्रिकोण कुजतो आणि काळा, दुर्गंधी स्राव येतो. रोज खूर खरवडून कोरडे ठेवणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घेणे, एवढ्याने हा त्रास बहुतेक वेळा टळतो.

जखमांच्या बाबतीत नियम थोडेच आहेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून घट्ट दाबावे आणि रक्त थांबले का हे पाहायला ती सारखी उचलू नये. भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी. रक्त थांबल्यावर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी. हळद, चुना, राख, रॉकेल किंवा गाडीचे जळके ऑइल यांपैकी काहीही लावू नये. यांमुळे पेशी जळतात किंवा घाण आत कोंडली जाते, आणि टाके घालता येण्यासारखी जखम बिघडते. सांध्याजवळची जखम बोटाच्या पेराएवढी दिसली तरी तातडीची समजावी, कारण सांध्यात संसर्ग शिरला तर घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. धनुर्वाताच्या जंतूला पाळीव जनावरांमध्ये सर्वांत लवकर बळी पडणारे जनावर घोडा आहे. ताठ झालेली चाल, उभे कान, वर धरलेली शेपूट, डोळ्यावर आतल्या कोपऱ्यातून सरकलेली पांढरट पापणी आणि आवळलेला जबडा ही त्याची चिन्हे होत. ती दिसू लागल्यावर वाचवणे कठीण असते, तर लस स्वस्त आहे. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने पुन्हा एक, हे वेळापत्रक चुकवण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही. घोड्याला कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. लाळ गाळणाऱ्या घोड्याच्या तोंडात काही अडकले असेल म्हणून उघडा हात घालणे जिवावर बेतू शकते.

नाकातून लाळ आणि चघळलेला चारा येत असेल तर बहुधा अन्ननलिकेत घास अडकलेला असतो. श्वास चालू असतो, म्हणून घाबरू नये. चारा व पाणी काढून घ्यावे, डोके खाली राहू द्यावे आणि वरून काहीही ओतू नये. डोळ्याच्या बाबतीतही वाट पाहण्यास जागा नाही. मिटून धरलेला, पाणी गळणारा किंवा निळसर झालेला डोळा त्याच दिवशी दाखवावा, आणि घरात पडलेले जुने थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर डोळा जातो. डासांमार्फत शिरणारा एक पांढरा, दोऱ्याएवढा जंत कधी कधी डोळ्यातील पाण्यात वळवळताना दिसतो. तो डॉक्टर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात.

पावसाळा संपता संपता येऊन-जाऊन राहणारा ताप, दिवसेंदिवस उतरणारे अंग, फिकट हिरडी, आणि पोटाखाली व पायांवर सूज दिसली तर सर्राचा संशय घ्यावा. चावऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरणारा हा आजार रक्तातील परोपजीवीमुळे होतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तो परोपजीवी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधून काढला. रक्ततपासणीने निदान होते आणि त्यावर औषध आहे, पण केवळ ‘अशक्तपणा’ समजून टॉनिक पाजत बसल्याने घोडे जातात.

येवल्याच्या घोडेबाजारातून किंवा दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले जनावर थेट आपल्या पागेत बांधू नये. निदान तीन आठवडे ते वेगळे ठेवावे, त्याची बादली, खरारा आणि लगाम वेगळा असावा, आणि रोज तापमान घ्यावे. जबड्याखाली गाठी येऊन पिकणारा स्ट्रँगल्स आणि घोड्यांचा इन्फ्लुएंझा हे याच वाटेने पागेत शिरतात. सर्वांत गंभीर ग्लँडर्स. नाकातून घट्ट, चिकट, पिवळसर स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, आणि पायांच्या आतल्या बाजूला रांगेने उठून फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घोड्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण हा रोग माणसाला होतो आणि माणसासाठीही जीवघेणा आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत त्याचा प्रादुर्भाव झाला होता. संशय आल्यास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासता येतात. बाधित ठरलेल्या घोड्यावर उपचार केले जात नाहीत, त्याला शांतपणे मारावे लागते, आणि मालकासाठी भरपाईची तरतूद आहे. ही गोष्ट ऐकायला कठोर असली तरी लपवाछपवीमुळे शेजारच्या पागा आणि घरातील मुले धोक्यात येतात. अहवाल येईपर्यंत ते जनावर, त्याचे खोगीर आणि त्याची झूल पागेबाहेर जाऊ नये, आणि घेतलेली सुपारी दुसऱ्या घोडेवाल्याकडे सोपवावी.